केंब्रिज स्ट्रीटच्या दोन बाजू

बॉस्टन शहरातल्या केंब्रिज स्ट्रीटवर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, तर बीकन हिलचा चढ दिसतो. विटांची तीन-चार मजली घरे एकमेकांना खांदा लावून उभी आहेत, गॅसच्या बत्त्या दिवसाही जळत असतात आणि काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की मोटार आली तर पायी चालणाऱ्याला भिंतीला पाठ टेकवावी लागते. त्याच जागी वळून उत्तरेकडे तोंड केले, तर ठळकपणे दोनच जुन्या वास्तू नजरेत भरतात: १७९६ सालचे ऑटिस हाऊस आणि त्याच्या शेजारचे १८०६ सालचे ओल्ड वेस्ट चर्च. त्यांच्या मागे काँक्रीटचे उंच मनोरे, निगा राखलेली हिरवळ आणि मोटारी लावण्याच्या जागा आहेत. एका बाजूला शहर आपल्या इतिहासासाठी मिरवते आणि दुसऱ्या बाजूला इतिहास कुठे गेला, हे विचारण्याचे कारणही पर्यटकाला सापडत नाही. बॉस्टन पाहायला आलेल्या पाहुण्यांना मी मुद्दाम या रस्त्यावर आणून उभे करतो, कारण जुन्या वस्त्यांचे जतन कशाचे होते आणि कशाचे होत नाही, या प्रश्नाचे उत्तर इथे रस्त्याच्या रुंदीएवढ्या अंतरात मांडून ठेवलेले आहे.

ऑटिस हाऊसची कथा आधी सांगितली पाहिजे. हॅरिसन ग्रे ऑटिस या सधन वकील-राजकारण्यासाठी चार्ल्स बुलफिंच या वास्तुकाराने हे घर बांधले. मॅसॅच्युसेट्सचे सोनेरी घुमटाचे विधिमंडळही त्याचेच. पुढे घराला उतरती कळा लागली, भाडेकरूंच्या खोल्या झाल्या, पुढच्या अंगणात दुकाने आली. १९१० साली स्थापन झालेल्या, न्यू इंग्लंडच्या (अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या राज्यांच्या) जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेने १९१६ मध्ये ते विकत घेतले आणि आपले मुख्यालय तिथे थाटले. १९२५ च्या सुमारास केंब्रिज स्ट्रीट रुंद करायचे ठरले, तेव्हा हे विटांचे तीन मजली घर अखंड उचलून सुमारे चाळीस फूट मागे सरकवण्यात आले. तेवढी कळकळ, तेवढा पैसा आणि तेवढे तंत्र या शहराकडे त्या काळी होते. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, जतनाच्या चळवळीच्या त्या मुख्यालयाच्या मागच्या दारापासून सुरू होणारी सबंध वस्ती पाडायला घेण्यात आली, आणि घर मात्र जागच्या जागी राहिले.

त्या वस्तीचे नाव वेस्ट एंड. इटालियन, ज्यू, पोलिश आणि आणखी कितीतरी देशांतून आलेली कष्टकरी कुटुंबे इथे चार-पाच मजली विटांच्या चाळवजा इमारतींत राहत असत. ‘स्टार ट्रेक’मधला स्पॉक म्हणून जगभर ओळखला गेलेला लेनर्ड निमॉय याच गल्ल्यांत वाढला. १९४९ च्या संघराज्याच्या गृहनिर्माण कायद्याने ‘झोपडपट्टी’ ठरवलेल्या वस्त्या पाडण्याच्या खर्चातला मोठा वाटा केंद्राने उचलण्याची सोय केली होती, आणि बॉस्टनने त्या सोयीचा लाभ घेण्यासाठी वेस्ट एंडची निवड केली. १९५३ मध्ये योजना जाहीर झाली. वस्ती पाडली जाणार हे एकदा कळल्यावर घरमालकांनी डागडुजीवर पैसा का घालावा? इमारतींची अवकळा त्या पाच वर्षांत वाढत गेली आणि तीच अवकळा पाडकामाचे समर्थन म्हणून पुढे केली गेली. १९५८ पासून दोन-तीन वर्षांत पंचेचाळीस-पन्नास एकरांतली घरे जमीनदोस्त झाली आणि सुमारे २,७०० कुटुंबे विखुरली. त्यांच्या जागी जे मनोरे उभे राहिले त्यांतले भाडे त्या कुटुंबांपैकी फारच थोड्यांना परवडणारे होते.

हर्बर्ट गॅन्स हा समाजशास्त्रज्ञ १९५७-५८ मध्ये काही महिने वेस्ट एंडमध्ये भाड्याने राहिला होता. ज्याला कागदोपत्री झोपडपट्टी म्हटले गेले, ती त्याला स्वस्त भाड्याची, नातेसंबंधांनी घट्ट विणलेली वस्ती आढळली. विस्थापितांच्या मुलाखती घेणाऱ्या मार्क फ्रीड या मानसशास्त्रज्ञाला अनेकांच्या बोलण्यात घरातले माणूस गेल्यावर असावा तसा शोक दिसला. मी इथे भाबडेपणा करू इच्छित नाही. कित्येक घरांत स्वतंत्र न्हाणीघर नव्हते, उजेड कमी होता, आगीची भीती होती. पण त्याच शहरात, तितक्याच जुन्या आणि तितक्याच दाटीच्या काही इमारतींना ‘ऐतिहासिक’ हे विशेषण लागले आणि काहींना ‘जीर्ण’. विटा एकाच जातीच्या असताना विशेषण कशावरून ठरले, हा माझ्या लेखाचा विषय आहे.

त्यासाठी रस्ता ओलांडून बीकन हिलकडे यावे. १९४७ मध्ये पालिकेने वेस्ट सीडर स्ट्रीटवरचे विटांचे पदपथ उखडून काँक्रीट ओतायचे ठरवले, तेव्हा तिथल्या स्त्रिया खुर्च्या टाकून पदपथावर बसल्या आणि हटल्या नाहीत. महापौर जेम्स कर्ली यांना माघार घ्यावी लागली. विटा वाचल्या. १९५५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने खास कायदा करून बीकन हिलला ऐतिहासिक क्षेत्राचा दर्जा दिला, आणि रस्त्यावरून दिसणारा कोणताही बाह्य बदल, मग तो दाराचा रंग का असेना, आयोगाच्या मंजुरीशिवाय करता येणार नाही, अशी व्यवस्था झाली. वेस्ट एंड पाडण्याची योजना तेव्हा दोन वर्षांची होती. म्हणजे एकाच दशकात, एकाच राज्यात, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंसाठी शासनयंत्रणा दोन उलट दिशांनी काम करत होती, आणि यात कोणाला विसंगती वाटली नाही.

१९५५ च्या कायद्याची सीमा कुठे होती, हे अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. बीकन हिलला दोन उतार आहेत. दक्षिण उतारावर, सार्वजनिक उद्यानाकडे तोंड करून, बॉस्टनच्या जुन्या धनिक घराण्यांच्या हवेल्या आहेत. तिथेच लुईसबर्ग स्क्वेअर आहे आणि तिथेच बीकन स्ट्रीटवरच्या काही घरांच्या खिडक्यांतल्या त्या जांभळट काचा आहेत, ज्यांच्यातल्या मँगनीजवर उन्हाचा परिणाम होऊन रंग चढला आणि एका काळच्या सदोष मालाचे आज कुलचिन्ह झाले आहे. उत्तर उतारावर घरकाम करणारे, खलाशी, न्हावी, मुक्त कृष्णवर्णीय आणि नंतर स्थलांतरित राहत. पहिल्या कायद्याने फक्त दक्षिण उताराला संरक्षण दिले. नदीकाठचा सपाट भाग १९५८ मध्ये जोडला गेला आणि उत्तर उतार १९६३ मध्ये. टेकडी एकच, पण इतिहास तिच्या एका अंगाला आठ वर्षे आधी मान्य झाला.

वास्तुकलेच्या अभ्यासकाला मात्र उत्तर उतारच अधिक काही शिकवतो, असे माझे मत आहे. स्मिथ कोर्ट या छोट्याशा आळीत १८०६ साली बांधलेले आफ्रिकन मीटिंग हाऊस आहे; अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आज उभ्या असलेल्या प्रार्थनागृहांपैकी हे सर्वांत जुने. १८३२ च्या जानेवारीत न्यू इंग्लंडच्या गुलामगिरीविरोधी संस्थेची स्थापना याच इमारतीत झाली. एकोणिसावे शतक सरताना कृष्णवर्णीय कुटुंबे दक्षिणेकडच्या वस्त्यांत गेली, इमारत ज्यू मंडळींकडे आली आणि काही दशके तिथे सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, होते. १९७२ मध्ये ती आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयाकडे आली. जवळच फिलिप्स स्ट्रीटवर, लिथुआनियातल्या विल्ना शहराकडून आलेल्या ज्यूंनी १९१९ मध्ये बांधलेले विल्ना शूल हे सिनॅगॉग आहे, आणि त्यात बसायची बाके एका कृष्णवर्णीय बॅप्टिस्ट चर्चमधून आणलेली आहेत. एका समाजाने उठताना सोडलेल्या बाकांवर दुसरा समाज येऊन बसला. दक्षिण उतारावरच्या घरांत शैली जपली गेली आहे. उत्तर उतारावर माणसांची ये-जा विटालाकडांत नोंदली गेली आहे, आणि अशा नोंदी शैलीच्या नियमावलीत बसत नाहीत.

नियमावलीत काय बसते, याचे उत्तम उदाहरण नॉर्थ एंड या वस्तीतले, अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातला नायक पॉल रिव्हिअर याचे घर. अंदाजे १६८० चे हे लाकडी घर विसाव्या शतकाच्या आरंभी इटालियन वस्तीच्या मध्यभागी होते. वर भाडेकरू, खाली सिगार बनवणारे आणि एक इटालियन बँक. रिव्हिअरच्या पणतूने १९०२ मध्ये ते विकत घेऊन पाडकामापासून वाचवले, हे त्याचे उपकारच. पण १९०८ मध्ये ते लोकांसाठी खुले करताना दुरुस्तीच्या ओघात मधल्या दोनशे वर्षांत वाढवलेला मजला काढून टाकण्यात आला आणि घराला १७०० च्या सुमारासचे रूप देण्यात आले. गंमत अशी की रिव्हिअर ज्या घरात राहिला, ते वाढवलेल्या मजल्याचे होते! त्या मजल्यासह जे घर शतकभर गरीब कुटुंबांना छप्पर देत होते, ते इतिहासाच्या नावाने पुसले गेले आणि रिव्हिअरने कधी पाहिले नसलेले घर इतिहास म्हणून उभे राहिले. जतन करणारा माणूस नेहमी एक तारीख निवडत असतो. त्या तारखेनंतर आलेले लोक त्याच्या दृष्टीने भर घालणारे ठरत नाहीत, बिघाड करणारे ठरतात.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, बॉस्टनमध्ये आज जे जुने शहर दिसते ते सौंदर्याच्या किंवा वयाच्या कसोटीवर निवडले गेलेले नाही. ज्यांचा आवाज विधिमंडळापर्यंत पोहोचत होता, त्यांच्या घरांची ती निवड आहे. म्हणून ऐतिहासिक क्षेत्रांचा कायदा केवळ दर्शनी भिंतीपुरता न ठेवता, त्या भिंतीमागे कोण राहू शकते, या प्रश्नाशी जोडला पाहिजे. बीकन हिलच्या आयोगाला रस्त्यावरून जे दिसते त्यावरच अधिकार आहे. घराच्या आत सहा बिऱ्हाडांचे एक बिऱ्हाड झाले, भाडेकरू गेले, तळमजल्यावरचा चांभार गेला, तरी दाराचा रंग मंजूर असला म्हणजे कायद्याच्या लेखी इतिहास सुरक्षित असतो.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो पोकळ नाही. जतनाच्या नियमांमुळे नवी घरे बांधता येत नाहीत, पुरवठा आटतो, किमती चढतात आणि शेवटी गरीबच शहराबाहेर फेकला जातो, असे घरटंचाईने त्रासलेले तरुण म्हणतात. बीकन हिलचा अनुभव त्यांच्या बाजूने साक्ष देतो. त्या साक्षीत मी आणखी भर घालतो: गेल्या दशकात, चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्यांसाठी आणि अंधांसाठी पदपथांच्या कोपऱ्यांवर उतार आणि स्पर्शपट्ट्या बसवायचे पालिकेने ठरवले, तेव्हा काँक्रीट आणि प्लास्टिक टेकडीला शोभत नाही म्हणून आयोगाने अडवणूक केली आणि रहिवाशांची संघटना न्यायालयात गेली. १९४७ मध्ये ज्या विटांसाठी बसणाऱ्या स्त्रियांबद्दल मला आदर वाटतो, त्याच विटा पुढे अपंग माणसाच्या वाटेत आड याव्यात, हे मला जतनाच्या विचाराचे अपयश वाटते. पालिकेने उतार शेवटी बसवलेच, ते योग्य झाले.

पण ‘जतन सोडा, बांधू द्या’ म्हणणाऱ्यांनी केंब्रिज स्ट्रीटची उत्तर बाजूही साक्षीला बोलवावी. तिथे पाडले गेले, बांधले गेले, उंच बांधले गेले, आणि ज्यांची घरे गेली त्यांना काही मिळाले नाही. चायनाटाऊनमध्ये हडसन स्ट्रीटच्या एका बाजूची रो हाऊसेस १९६० च्या दशकात महामार्गासाठी गेली. त्या जमिनीवर पुन्हा घरे उभी राहायला २०१५ उजाडले. पूर्वेकडच्या व्यापारासाठी बुलफिंचने रचलेल्या, इंडिया व्हार्फ या धक्क्यावरच्या गोदामांचा उरलेला भाग १९६२ मध्ये गेला आणि तिथे निवासी मनोरे आले. (याच बंदरातून १८३० च्या दशकात तळ्यांतला बर्फ भुशात बांधून जहाजाने मुंबईपर्यंत गेला होता, त्या व्यापाराची एवढी मोठी खूण आम्हा मुंबईकरांनाही पाहायला आवडली असती, पण ते असो.) पाडण्याने घरे स्वस्त होत नाहीत आणि जपण्यानेही होत नाहीत. जमीन कोणाच्या ताब्यात आहे आणि भाडे कोण ठरवते, यावर ते ठरते.

याचा पुरावा बॉस्टनमध्येच साउथ एंडला आहे. एकोणिसाव्या शतकात दलदलीत भराव घालून वसवलेली ही वस्ती म्हणजे पुढे गोलसर फुगलेल्या दर्शनी भिंतींची, उंच दगडी पायऱ्यांची विटांची घरे, रस्त्यामागून रस्ते. व्हिक्टोरियन काळातल्या रो हाऊसेसचा एवढा सलग पट्टा अमेरिकेत दुसरीकडे क्वचितच असेल. धनिकांनी ती लवकरच सोडली, घरे खोल्याखोल्यांनी भाड्याने गेली, आणि म्हणूनच ती टिकली. पाडून नवे बांधण्याइतका पैसा त्यांत कोणाला दिसला नाही. १९६० च्या दशकात तो दिसू लागला. पार्सल १९ या क्रमांकाने नकाशावर नोंदलेल्या तुकड्यावरच्या पोर्तोरिकन रहिवाशांनी ‘आम्ही पार्सल १९ मधून हलणार नाही’ ही घोषणा घेऊन १९६८ मध्ये आपली संघटना उभी केली आणि पुनर्विकासाचा हक्क स्वतःकडे घेतला. त्यातून १९७० च्या दशकात व्हिला व्हिक्टोरिया ही वसाहत झाली: नव्या घरांबरोबर काही जुन्या रो हाऊसेसची दुरुस्ती, मध्ये पोर्तोरिकोतल्या गावाच्या चौकासारखा चौक, आणि एकूण ४३५ घरे. त्याच १९६८ मध्ये डार्टमथ स्ट्रीटवर, घरे पाडून मोटारी लावण्यासाठी मोकळ्या केलेल्या जागेवर कार्यकर्ते मेल किंग आणि त्यांच्या सोबत्यांनी तंबू ठोकले. २० वर्षांनी, १९८८ मध्ये, तिथे २६९ घरांची टेंट सिटी उघडली. एक चतुर्थांश घरे बाजारभावाने, बाकीची अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. बाहेरून पाहणाऱ्याला ती विटांची इमारत शेजारच्या जुन्या घरांशी उंचीने आणि रंगाने मिळतीजुळती वाटते. जुन्या रस्त्याचे रूप आणि त्या रस्त्यावर राहण्याचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच आराखड्यात बसतात, हे वास्तुकारांना चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच जमले होते. कायद्याने मात्र अजून त्या दोन खात्यांच्या दोन फायली ठेवल्या आहेत: दर्शनी भिंत वारसा आयोगाकडे, भाडे गृहनिर्माण खात्याकडे.

या दोन फायली एकत्र करण्याची सर्वांत तातडीची गरज जिथे आहे, त्या इमारतींकडे पर्यटक ढुंकूनही पाहत नाहीत. डॉर्चेस्टर, रॉक्सबरी आणि जमेका प्लेन या भागांत ‘ट्रिपल डेकर’ नावाची लाकडी घरे रांगेने उभी आहेत: एकावर एक तीन सारखी बिऱ्हाडे, प्रत्येकाला पुढे-मागे सज्जा, तिन्ही बाजूंनी वारा. साधारण १८८० ते १९३० या काळात ट्रामच्या मार्गांबरोबर ती पसरली. एका मजल्यावर मालक राहायचा, दोन मजले भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्यातून कर्ज फेडायचा. आयरिश, ज्यू, पुढे केप व्हर्द आणि कॅरिबियन बेटांतून आलेली कुटुंबे, यांतल्या अनेकांचे अमेरिकेतले पहिले स्वतःचे घर हेच. सभ्य समाजाला मात्र ही घरे कुरूप आणि धोकादायक वाटली. १९१२ च्या राज्य कायद्याने गावांना अशा घरांवर बंदी घालण्याची वाट मोकळी करून दिली आणि अनेक उपनगरांनी ती तत्परतेने स्वीकारली. आगीची भीती हे सांगितलेले कारण होते. ट्रिपल डेकरमध्ये कोण राहायला येते, हे न सांगितलेले.

आता या घरांना नवा धोका आहे. ती कवडीमोलाने मिळण्याचे दिवस संपले आहेत. गुंतवणूकदार एकेक घर उचलून तिन्ही मजले वेगवेगळे विकतात, सज्जे बंद करतात, अंतर्भाग उकलून टाकतात. यांना बीकन हिलच्या नमुन्याचा दर्जा द्यावा, असे मी म्हणणार नाही. दाराचा रंग ठरवणारी समिती डॉर्चेस्टरमधल्या रखवालदाराच्या कुटुंबावर लादली, तर ते घर विकून जाणेच त्याला सोपे पडेल. संरक्षण द्यायचेच असेल तर ते घराच्या रचनेला द्यावे: तीन बिऱ्हाडे तीनच राहावीत, मालक तिथेच राहत असेल तर दुरुस्तीला स्वस्त कर्ज मिळावे, छपरावर सौरपट्ट्या आणि मागे लिफ्ट बसवायला आडकाठी नसावी, आणि रिकाम्या भूखंडांवर याच नमुन्याची नवी घरे बांधायला परवानगी सहज मिळावी. वारसा म्हणजे नक्कल करता न येणारी वस्तू, ही व्याख्या हवेल्यांना लागू पडते. ट्रिपल डेकरचा वारसा पुन्हा बांधता येण्यातच आहे.

ज्या नूतनीकरण प्राधिकरणाने वेस्ट एंड पाडला, त्याच्या संचालकांनी २०१५ मध्ये त्या रहिवाशांची जाहीर माफी मागितली. त्याच लाटेत स्कॉले स्क्वेअर ही गजबजलेली बाजारवस्ती पाडून तिथे १९६८ मध्ये बांधलेल्या, काँक्रीटच्या राकट सिटी हॉलला २०२५ मध्ये शहराने वारसा वास्तूचा दर्जा दिला. मला तो निर्णय मान्य आहे. ती इमारत आपल्या काळाची प्रामाणिक साक्ष आहे. पण तो दर्जा मिळेपर्यंत सिटी हॉलला साठ वर्षेही पूर्ण झाली नव्हती, आणि वेस्ट एंडमधल्या चाळींपैकी एकच, लोमॅस्नी वेवरची चार मजली अरुंद इमारत, आजूबाजूचे सगळे गेल्यानंतर दोन्ही अंगांच्या उघड्या भिंती घेऊन महामार्गाच्या पुलाजवळ एकटी उभी आहे. नॉर्थ स्टेशनकडे जाताना तिच्या खिडक्यांत दिवे दिसतात. तिथे अजून भाडेकरू राहतात.